कोइमतूरला जायचं, पण नक्की कोणासाठी?

शाहूपुरीतल्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ६७. मिस्टर ७२ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर, पेन्शन चालू. मुलगा डॅलसला, मुलगी बेंगळुरूला, साताऱ्याच्या बंगल्यात दोघंच. पत्र बरंच मोठं आहे म्हणून मधला भाग तेवढा देते.

'ह्यांना दम्याचा त्रास. पावसाळ्यात छाती भरते, थंडीत रात्र रात्र बसून काढतात. माझे गुडघे गेलेत. मुलानं कोइमतूरजवळच्या एका रिटायरमेंट कम्युनिटीचा व्हिडिओ पाठवला आणि तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात तेच. क्लब हाऊस, स्विमिंग पूल, कॅरम, टेबल टेनिस, योगा क्लास, चालायला ट्रॅक, सगळे आपल्याच वयाचे, संध्याकाळी गाण्याचे प्रोग्राम, डायनिंग हॉलमध्ये आयतं जेवण, चोवीस तास नर्स. आणि हवा उबदार. फ्लॅट ६८ लाखाला, दोघांचा महिन्याचा खर्च जेवणासकट ४२ हजार. बंगला विकू म्हणतात. ह्यांचा सकाळी अजिंक्यताऱ्यावर जायचा ग्रुप होता, त्यातले दोघं वारले, एक मुलाकडं पुण्याला गेले, आता हे घरातच असतात. माझं मात्र भजनी मंडळ आहे, भिशी आहे, समोरच्या घरातली सून मला आई म्हणते. मला तमिळ येत नाही, हिंदी पण मोडकी. मी नको म्हटलं की मुलगा म्हणतो आई तू बाबांच्या तब्येतीचा विचार कर. महिनाअखेरपर्यंत टोकन भरलं तर २ लाख सूट आहे. मी स्वार्थी आहे का हो?'

ताई, स्वार्थी वगैरे काही नाही तुम्ही. उलट पत्रभर ह्यांना काय हवंय, मुलाला काय वाटतं, मुलगी काय म्हणेल हेच आहे, स्वतःबद्दल दोन-तीन वाक्यं लिहिलीत आणि लगेच त्याची माफी मागून मोकळ्या झालात.

आता मी तुमचं पत्र परत वाचलं तेव्हा मला एक गोष्ट दिसली. दाजींच्या छातीबद्दल तुम्ही एक-दोन वाक्यांत उरकलंय आणि त्या क्लब हाऊसबद्दल अख्खी यादी. ही यादी तुमची नाही, दाजी रोज जे बोलतात तेच तुम्ही उतरवलंय. म्हणजे दाजींना उबदार हवा पाहिजे हे खरं असेलही, पण त्यांना त्याहून जास्त पाहिजेत ती माणसं. आयुष्यभर साइटवर, ऑफिसात माणसांत राहिलेला माणूस, सकाळचा ग्रुप मोडला आणि आता हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून आहे. त्याला त्या व्हिडिओत कॅरमच्या टेबलाभोवती चार म्हातारी माणसं हसताना दिसली की बाकी काही दिसत नाही. पुरुषांचं हे फार होतं बघा, बायकांची भिशी असते, मंडळ असतं, शेजार असतो, हळदीकुंकू असतं, पुरुषांचं सगळं गणगोत ऑफिसबरोबर रिटायर होतं आणि 'मला एकटं वाटतं' असं काही ते तोंडानं म्हणणार नाहीत, हवा मानवत नाही म्हणतील. मी दाजींना नावं ठेवत नाहीये. पण प्रश्न हवेचा आहे का माणसांचा, हे आधी तुम्ही दोघांनी बसून बोललं पाहिजे, कारण दोन्हीची उत्तरं वेगवेगळी आहेत.

हवेचं आधी बघू, ते तसं लवकर आटपतं. साताऱ्याची कडक थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारी, फार तर अर्धा फेब्रुवारी, आणि हाच सातारा एप्रिलमध्ये भट्टीसारखा तापतो. दाजींचा खरा त्रास मला वाटतं ओलीचा आहे. जून ते सप्टेंबर यवतेश्वरच्या बाजूनं ढग खाली उतरतो, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, आणि ती बुरशी दम्याच्या माणसाला थंडीपेक्षा जास्त छळते. म्हणून उबदार गाव म्हटलं की दमा बरा असं काही नसतं, उबदार आणि दमट गावात तर धुळीतले किडे आणि बुरशी दोन्ही मजेत वाढतात, गोवा-कोकणात राहणाऱ्या दमेकऱ्यांना विचारा. कोरडी ऊब पाहिजे असेल तर आपल्याच जिल्ह्यात आहे की, महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस माण-खटावला पोचेपर्यंत संपलेला असतो. दाजींना म्हणावं पावसाळ्याचे चार महिने दहिवडी नाहीतर म्हसवडला भाड्यानं खोली घेऊ. हे मी गमतीत म्हणतेय, पण पूर्ण गमतीत नाही. फलटण तर चांगलं मोठं गाव आहे, हवा कोरडी आहे आणि साताऱ्यापासून गाडीनं दीड-दोन तासांच्या आत. तिथं क्लब हाऊस नाही म्हणून दाजी नाक मुरडतील, आणि मुरडलंच तर तुमचं उत्तर तुम्हाला तिथंच मिळालं की प्रश्न हवेचा नव्हता.

कुठंही जायच्या आधी छातीच्या डॉक्टरकडं जाऊन ती फुंकायची टेस्ट करून घ्या, पीएफटी म्हणतात ती. दमा आहे का सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार, आहे हे नक्की कळलं पाहिजे, औषधं वेगळी असतात. पंप कसा ओढतात ते डॉक्टरसमोर एकदा ओढून दाखवायला सांगा, निम्मी माणसं चुकीचा ओढतात आणि औषध जिभेवरच राहतं. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस घेतली नसेल तर ती विचारा. आणि बेडरूमच्या ज्या भिंतीला ओल येते ती आधी बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घ्या, हे सगळं मिळून कोइमतूरच्या एका महिन्याच्या खर्चाच्या आसपास होईल कदाचित. तुमच्या गुडघ्यांचं म्हणाल तर उबेत बरं वाटतं हे खरं, आखडलेपण कमी होतं, पण झीज झालीय ती कोइमतूरला गेलं म्हणून भरून येत नाही. त्याला मांडीचे व्यायाम, वजन आणि वेळ आली तर ऑपरेशन.

आता ही ॲक्टिव्ह रिटायरमेंटची, म्हणजे रिटायर झाल्यावर खेळ-क्लब असलेल्या म्हाताऱ्यांच्या कॉलनीत राहायची भानगड. ही मूळची अमेरिकेची, ॲरिझोनाच्या वाळवंटात डेल वेब नावाच्या बिल्डरनं १ जानेवारी १९६० ला सन सिटी म्हणून गाव उघडलं, गोल्फ, पूल, क्लब, आणि नियम असा की घरात निदान एक माणूस ५५ च्या वरचा पाहिजे आणि लहान पोरांना कायमचं राहायला बंदी. लोकांना ते भयंकर आवडलं. पण तिथलीच अजून एक रीत आहे जी आपले बिल्डर व्हिडिओत सांगत नाहीत. उत्तरेकडच्या बर्फाच्या राज्यांतली आणि कॅनडातली कितीतरी म्हातारी माणसं आपलं घर विकत नाहीत, हिवाळ्याचे चार-पाच महिने फ्लोरिडा-ॲरिझोनात काढतात आणि बर्फ वितळला की आपापल्या गावी परत. म्हणजे जायचं का नाही एवढे दोनच पर्याय नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडं परत येणार आहे.

कोइमतूर वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही हं. देशात रिटायरमेंट कम्युनिटी जिथं सगळ्यात आधी आणि जास्त उभ्या राहिल्या त्यातलं ते एक शहर, हॉस्पिटलं चांगली, हवा वर्षभर बरी, जानेवारीतसुद्धा स्वेटरचं काम सहसा पडत नाही. पश्चिमेला डोंगर आडवे असल्यामुळं आपल्यासारखा जून-जुलैचा पाऊस तिथं लागून राहत नाही, पालघाटच्या खिंडीतून वारा मात्र सुटतो, खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला. मुलगी बेंगळुरूला आहे, तिथून कोइमतूरला वंदे भारत आहे, साधारण साडेसहा तासांत पोचते, म्हणजे मुलीला साताऱ्यापेक्षा तिथं येणं सोपं. ही जमेची बाजू आहे आणि ती तुम्ही पत्रात लिहिली नाहीत. साताऱ्याहून मात्र आधी पुण्याला जायचं आणि पुण्याहून रेल्वेनं एका दिवसापेक्षा जास्त. म्हणजे इकडं कोणाचं काही झालं तर तुम्ही वेळेवर पोचाल हे विसरा. आणि एक बारीक गोष्ट, आपल्या एसटीत ७५ नंतर फुकट आणि बायकांना अर्ध तिकीट आहे, ते सगळं महाराष्ट्रापुरतं. दाजींना तीन वर्षांत फुकट एसटी मिळणार होती ती गेली म्हणा.

बरं, जेवणाचं विचारलंत का? पत्रात तुम्ही लिहिलंय आयतं जेवण, पण काय जेवण ते लिहिलं नाहीत. बऱ्याच ठिकाणी डायनिंग हॉल पक्का शाकाहारी असतो आणि काही ठिकाणी तर फ्लॅटच्या आत पण शिजवायला मनाई असते. सातारचा माणूस आणि रविवारचं मटण, हे आधी स्पष्ट विचारून घ्या. मग तुमची बाजरीची भाकरी, खर्डा, कटाची आमटी. इडली-सांबार चार दिवस फार आवडतं, पाचव्या दिवशी माणूस स्वयंपाकघरात शिरतं आणि मग तुम्हीच परत गॅससमोर उभ्या, शिवाय डायनिंगचे पैसे कापले जाणारच, कारण बहुतेक ठिकाणी जेवणाचा किमान चार्ज असतो.

आता जे मला खरं सांगायचंय ते. ताई, तुम्ही दाजींपेक्षा पाच वर्षांनी लहान आहात आणि सरासरी बघितलं तर बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. हे बोलायला कडू आहे, घरात कोणी बोलत नाही, पण हिशोब मांडायचा तर इथूनच मांडला पाहिजे. ही जागा दाजींच्या पुढच्या आठ-दहा वर्षांसाठी निवडताय असं सगळ्यांना वाटतंय, प्रत्यक्षात ती तुमच्या शेवटच्या वर्षांसाठी निवडली जातेय. टेबल टेनिस खेळणारे दाजी असतील तोपर्यंत तुम्हाला तिथं भाषा नाही आली तरी चालून जाईल, ते इंग्रजी-हिंदीत बोलतील, डॉक्टरला तेच सांगतील, बिल तेच भरतील. नंतर? रात्री दोनला पोटात दुखायला लागलं तर नर्सला कोणत्या भाषेत सांगणार? या वयात तुम्हाला दुसऱ्यांदा सासरी जा म्हणतायत, नवी भाषा, दुसऱ्याच्या चवीचं जेवण, ओळखीचं कोणी नाही, आणि पहिल्या वेळी निदान वय अठरा-वीस होतं. म्हणून माझ्या मते या निर्णयात दोघांची मतं सारखी नाहीत. जी व्यक्ती तिथं एकटी उरण्याची शक्यता जास्त, तिचं मत जड. मुलाला हे पत्र दाखवा हवं तर.

आणि पैशाचं पण इथंच येतं. आज दाजींना पेन्शन म्हणजे मूळ पगाराच्या ५० टक्के आणि वर महागाई भत्ता. त्यांच्यानंतर तुम्हाला कुटुंब निवृत्तीवेतन ते ३० टक्क्यांच्या हिशोबानं. म्हणजे आज घरात महिन्याला ५० रुपये येत असतील तर त्या दिवसापासून ३०. तिथला खर्च मात्र निम्मा होत नाही. दोघांचे ४२ हजार तर एकट्याचे २१ असं कोणी धरत असेल तर चूक आहे, फ्लॅटचा मेंटेनन्स तोच राहतो, फक्त जेवणाचे पैसे कमी होतात. एका माणसाचा आकडा लेखी मागा. शिवाय वाढ बघा, दर वर्षी ८ टक्के वाढ धरली तर नऊ वर्षांत रक्कम दुप्पट होते, म्हणजे तुम्ही ७६ च्या असाल तेव्हा ४२ चे ८४ हजार. करारात वाढीला वरची मर्यादा आहे का, का 'व्यवस्थापन ठरवेल त्याप्रमाणे' असं लिहिलंय? तसं लिहिलं असेल तर पुढं वाचायचे कष्ट घेऊ नका. जीएसटी आत आहे का वेगळा, तेही विचारा, १८ टक्के म्हणजे थोडेथोडके नाहीत.

करार म्हटला की माणसं कंटाळतात पण जरा दमानं घ्या. पहिलं, ६८ लाखात फ्लॅट तुमच्या नावावर होतोय का नुसता राहायचा हक्क? काही ठिकाणी डिपॉझिट घेतात, नंतर त्यातून कापून परत देतात, आणि मालकी त्यांचीच. बंगला विकून राहतं घर विकत घेतलं तर नफ्यावरचा टॅक्स वाचवता येतो, दोन वर्षांच्या आत घ्यायचं असतं, पण डिपॉझिट भरून राहायचा हक्क घेतला तर ती सवलत मिळेल असं धरून चालू नका, सीएला आधी विचारा, नंतर नाही. दुसरं, मालकी असली तरी पुढं मुलांना तो फ्लॅट मिळेल पण ते तिथं राहू शकणार नाहीत, वयाची अट असते, म्हणजे विकावा लागेल आणि गिऱ्हाईकसुद्धा म्हातारंच शोधावं लागेल, त्यात पुन्हा ट्रान्सफर फी. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ॲक्टिव्ह राहिलं नाही तर काय? त्या शब्दावर सगळा धंदा चाललाय पण माणूस ७२ चा ८२ होणारच आहे. पडून हाड मोडलं, विसरायला व्हायला लागलं, कपडे घालायला माणूस लागला, तर त्याच कॅम्पसमध्ये सोय आहे का, का 'आता तुम्ही मुलांकडं जा' म्हणून चिठ्ठी येते? काही करारांत असतं तसं, स्वतःचं स्वतः करता येत नसेल तर जागा सोडावी लागेल. आणि ती चोवीस तासांची नर्स म्हणजे खरी शिकलेली नर्स आहे का रात्री एक मावशी बसलेली असते, ॲम्ब्युलन्स उभी असते का बोलवावी लागते, कोणत्या हॉस्पिटलला नेतात, ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार. मुलगा डॅलसहून व्हॉट्सॲपवर सही करू शकत नाही.

दाजी ७० च्या वर आहेत म्हणजे त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार फुकट. काढलं नसेल तर या आठवड्यात काढा. पण ते योजनेतल्या हॉस्पिटललाच चालतं, त्यामुळं तिथल्या जवळच्या हॉस्पिटलचं नाव यादीत आहे का ते बघा. तुमचं ७० ला तीन वर्षं आहेत, तोपर्यंत तुमच्यासाठी वेगळा मेडिक्लेम लागेल.

महाराष्ट्रात एक बरं झालंय, महारेरानं, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली काढली, दरवाजे किती रुंद, लिफ्ट, उतार, बाथरूममध्ये धरायला दांड्या, घसरणार नाही अशा फरश्या, आपत्कालीन अलार्म असं सगळं त्यात आहे. कोइमतूरला ती लागू नाही पण ती वाचून जा आणि तिथं जाऊन तेवढं ताडून बघा, फुकटची चेकलिस्ट आहे. आणि हो, तोच व्हिडिओवाला प्रकार पाहिजे असेल तर पुण्यात अथश्रीसारख्या ज्येष्ठांच्या सोसायट्या कितीतरी वर्षं चालू आहेत, मराठी माणसं भरलेली, साताऱ्याहून ११० किलोमीटर. दाजींचा तो पुण्याला गेलेला मित्र पण तिथंच कुठंतरी आसपास. हा पर्याय मुलानं का काढला नाही मला कळत नाही, बहुतेक व्हिडिओ कोइमतूरचा आला म्हणून कोइमतूर.

बंगला विकू नका. निदान दोन वर्षं तरी नाही. ही माझी ठाम सूचना, बाकी सगळ्यात मागंपुढं होऊ शकतं. शाहूपुरीतला बंगला एकदा गेला की त्या पैशात साताऱ्यात परत तसं घर होत नाही, आणि तिथं नाही जमलं तर परत यायला दार पाहिजे. वरचा मजला भाड्यानं द्या, एखादं नोकरी करणारं जोडपं ठेवा, घराला जाग राहील आणि रात्री हाक मारायला माणूस होईल. भाड्याला मासिक तत्त्वावर फ्लॅट देणाऱ्या कम्युनिटी पण आहेत, विकतच घ्या असा काही कायदा नाही. आणि मुलाच्या नावावर बंगला बक्षीसपत्र करून टाकू असं दाजींच्या मनात आलं तर लगेच वकील गाठा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळलं नाही तर परत मिळवता येते, पण ती अट कागदात लिहिलेली असली तर केस मजबूत, नुसतं तोंडी काय कामाचं. तुमचा मुलगा चांगलाच आहे, त्याच्याबद्दल नाही बोलत मी, कागदाबद्दल बोलतेय. आणि कोणतीही नवी जागा घ्याल त्यावर तुमचं नाव पाहिजे. नॉमिनी म्हणून नाही, मालक म्हणून. त्यासोबत दोघांची मृत्युपत्रं.

मग करायचं काय. मगाशी म्हटलं तसं, हंगामापुरतं जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी ट्रायल म्हणून एक-दोन महिने भाड्यानं राहता येतं. दाजी म्हणतील डिसेंबरमध्ये जाऊ, तेव्हा तिथं हवा झकास असते आणि अनिवासी मुलं-नातवंडं आलेली असल्यामुळं कॅम्पस गजबजलेला असतो, सगळंच छान वाटतं. तुम्ही म्हणा जुलैमध्ये. दाजींचा त्रास जुलैचा आहे ना, मग औषध पण जुलैमध्येच बघायचं. आषाढ तिथं काढा आणि गौरी-गणपतीच्या आधी परत या, गौरी काही चुकवायच्या नाहीत. तिथं गेल्यावर ऑफिसमधल्या गोड बोलणाऱ्या मुलीला विचारू नका, बाकावर बसलेल्या एकट्या बायकांना विचारा, ज्यांचे मिस्टर गेलेत त्यांना. त्या संध्याकाळी काय करतात, आजारी पडल्या तेव्हा काय झालं, खर्च किती वाढला. एखादी मराठी बाई आहे का ते बघा, एक असली तरी पुष्कळ. किती फ्लॅटमध्ये रात्री दिवा लागतो तेही मोजा, निम्मे बंद असतील तर पुढं मेंटेनन्सचा बोजा राहणाऱ्यांवरच येणार.

आणि त्या महिनाभरात दाजींकडं नीट बघा. खरंच खुलले, पंप कमी लागला, चार मित्र झाले, तर त्याचं मोल आहे, मग तुम्ही दर वर्षी तीन-चार महिने तिथं आणि बाकी साताऱ्यात अशी वाटणी करू शकता, तुमची भिशी काही पळून जात नाही. आणि महिनाभरात तिथंही ते फ्लॅटमध्ये टीव्हीसमोरच बसले तर टीव्ही साताऱ्यातही चालतो.

तोपर्यंत इथं काहीतरी करा ना त्यांचं. ज्येष्ठ नागरिक संघात पाठवा, पहिले दोन-तीन वेळा तुम्ही पण बरोबर जा म्हणजे मध्येच परत येणार नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या गडाची चढण झेपत नसेल तर 'चार भिंती' स्मारकापर्यंत, तेही नको असेल तर सपाटीवर. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला पाण्याची, कालव्याची, पंपाची अक्कल असते, कॉलनीत पाण्याच्या टाकीचं, पावसाचं पाणी साठवायचं काम कोणीतरी करायला पाहिजेच असतं, द्या त्यांच्या गळ्यात. शिव्या देतील पण जातील. एकट्यानं फारच खचल्यासारखं वाटलं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा एल्डर लाइनचा टोल फ्री नंबर आहे, फ्रीजवर चिकटवून ठेवा.

मुलाशी बोलताना भांडू नका, त्याला तिकडं रात्री झोप लागत नसणार, बाबांची छाती भरली की हजारो मैलांवरून तो काय करणार बिचारा, त्याला चोवीस तास नर्स हे तीन शब्द ऐकूनच हलकं वाटलं असेल. त्याला सांगा की ६८ लाखांचं नंतर बघू, आत्ता ट्रायलचा खर्च तू कर आणि जुलैमध्ये दोन दिवस बेंगळुरूमार्गे येऊन स्वतः बघून जा. मुलीला पण सांगा, तिचं मत कोणी विचारलेलंच दिसत नाही आणि धावपळ तीच करणार आहे.

राहता राहिलं टोकन. महिनाअखेरची २ लाखांची सूट पुढच्या महिनाअखेरीला पण असते, दसरा ऑफर आणि पोंगल ऑफर म्हणून परत येते. भरू नका. दाजींनी तुम्हाला न सांगता भरून टाकलं असेल, तसं असू शकतं, तर आधी पावती हातात घ्या, प्रोजेक्टचा तमिळनाडू रेराचा रजिस्ट्रेशन नंबर त्यावर आहे का बघा आणि रद्द केल्यावर किती परत मिळतं ते ई-मेलवर लेखी मागवा, फोनवर नको. रेराच्या कायद्यात नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, म्हणजे ६८ लाखांवर ६ लाख ८० हजार, त्यापुढं एक रुपया मागितला तर हा नियम ठणकावून सांगा.